मेंढपाळाला उत्तर मिळत नाही

फेरारा, ३ मे १५८६
आजपासून रोज लिहायचं. संकल्प पक्का. २४ जूनला, सेंट जॉनच्या सणाला, ड्यूकच्या बाईसाहेबांच्या बागेत माझं नवं माद्रिगाल-गीत: पाच गळे, एक मेंढपाळ, एक हरवलेली प्रेयसी. पसंत पडलं तर दरबारच्या संगीतप्रमुखाची जागा माझ्याकडे राहील, नाहीतर ती फुल्वियोला. हा फुल्वियो टेनरच्या वरच्या पट्टीत गातो आणि रेशमी मोजे घालतो. चिंतेचं कारण दिसत नाही.

९ मे
कवितेत मेंढपाळ डोंगराला विचारतो, माझी फिल्ली कुठे आहे? डोंगर तेच शब्द परत करतो. डोंगराची ओळ आमच्यातल्या तरुण गायिकेला, जिनेव्राला दिली. तिनं कुंपणामागे लपून गायची. मेंढपाळ अर्थात मी. बायको म्हणाली, अहो, मेंढपाळ तरुण असतो ना? म्हटलं, विरहाला वय नसतं. ती म्हणाली, गुडघ्यांना असतं.

१७ मे
तालीम. प्रत्येकाच्या हातात फक्त स्वतःच्या ओळीचं पान. सबंध गाणं कोणाकडेच नसतं. एकमेकांना ऐकतच पुढे जायचं. पण हल्लीची पोरं गात नाहीत, पुटपुटतात. जिनेव्राला पुन्हा पुन्हा बजावलं, मोठ्यानं. तिचे डोळे भरून आले. हळवी मुलगी. माझ्या रचनेचाच परिणाम.

२ जून
फुल्वियो म्हणाला, मास्तर, तुम्ही आमच्या मागे राहताय. करुण रस घाईत निघत नाही, असं त्याला सुनावलं. त्यावर तो काहीतरी बोलला आणि सगळे हसले. मीही हसलो. काय बोलला ते उद्या विचारायचं.

३ जून
विचारलं नाही. क्षुद्र गोष्टी.

११ जून
बायको लाउदोमिया कोमट बदामतेल घेऊन आली, कानात घालायला. म्हणे, दाराशी उभी राहून जेवायला बोलावते तर ढिम्म हलत नाही, ताट आपटलं की येता. रचनाकाराचं चित्त कुठे असतं, हे तिला कसं कळावं. तेल वाया नको म्हणून तळलेल्या वाम माशावर ओतलं. बरं लागलं नाही.

२५ जून
काल बाग गच्च भरली होती. मी विचारलं, माझी फिल्ली कुठे आहे? कुंपण गप्प. पोरगी घाबरली असणार. प्रसंगावधान राखून पुन्हा विचारलं. गप्प. मग गळा फाडून. बाकीच्यांनी हातातली पानं खाली केली. बायका पंख्यांआड हसत होत्या; वास्तविक त्या ओळीत हसण्यासारखं काही नाही. शेवटी जिनेव्रा कुंपणाबाहेर आली. केसांत काटक्या. माझ्यापुढे उभी राहून गायली.
तिचं तोंड पूर्ण उघडं होतं. मानेची शीर ताणली होती.
एकट्या बाईसाहेब हसल्या नाहीत.

२७ जून
फुल्वियो घरी आला. साधे मोजे. जागा त्याला मिळाली, असं त्यानं सांगितलं. समोरच्या घराच्या खिडक्या उघडल्या, इतक्या मोठ्यानं. मास्तर, तालमीला तुमची खुर्ची असेलच, म्हणाला. ओरडू नकोस, म्हणणार होतो. म्हटलं नाही.

२९ जून, रविवार
चौकात बसलो होतो. चर्चच्या मनोऱ्यावरची कबुतरं एकदम उडाली. म्हणजे प्रार्थनेची घंटा वाजत असणार. आजूबाजूच्या लोकांनी टोप्या काढल्या. मीही काढली, आणि ते पुन्हा कधी घालतात इकडे बघत राहिलो.