हिरडीच्या धुऱ्यातला खेकडा

तीर्थरूप मोठेबाबांना,

उर्वशीचा वाकून नमस्कार. तुमच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरली का, हे मी तिसऱ्यांदा विचारते आहे. फोनवर तुम्ही "बरं आहे" म्हणून ठेवून देता, म्हणून हे पत्र. मोठीआईचे गुडघे कसे आहेत, धानाची मळणी झाली का, तेही कळवा.

इथे ब्रह्मपुरीकडच्या दवाखान्यात दातांच्या खोलीत मला चार महिने झाले. दात डॉक्टर बघतात, समजावून सांगायचे काम माझे. लोक साखर तपासायला येतात आणि मी त्यांना तोंड उघडायला सांगते, यात त्यांना काहीतरी डाव वाटतो. देवाजीभाऊ तर बाकावर पेरू खाता खाता म्हणाले, "साखर लागली पायाले, अन् तू तोंडात काय पाहून राह्यली?" प्रश्न बरोबर होता. मी त्यांना त्यांच्याच धानाच्या बांधीत नेले (बोलण्यात, प्रत्यक्ष नाही). हिरडी म्हणजे धुरा, बांधीचे पाणी अडवणारा मातीचा बांध. खेकड्याने धुऱ्यात बीळ केले की पाणी झिरपते, तसे दाताशी कीटण साचले की हिरडी सुजते, जंतू आत उतरतात, आणि ती सूज साखरेला आटोक्यात येऊ देत नाही. साखर वाढली की हिरडी आणखी बिघडते. हृदयाच्या आजाराशीही संबंध आढळला आहे, पण एकामुळे दुसरे होतेच असे सिद्ध झालेले नाही, हेही मी सांगितले. (माहीत नसेल तर 'माहीत नाही' लिहायचे, हे शाळेत जायच्या आधी तुम्हीच पाटीवर गिरवून घेतले. त्याचा हा त्रास.) बाकावर शेजारी बसलेल्या रंभाबाई म्हणाल्या, "नक्की नाई तं सांगून काऊन राह्यली?" मी त्यांनाही तोंड उघडायला सांगितले.

देवाजीभाऊंना मात्र खेकडा पटला. दात साफ करून घेतले, हिरडीतून येणारे रक्त थांबले, आणि तीन आठवड्यांनी ते साखर सव्वातीनशे घेऊन हजर. गोळ्या बंद केल्या होत्या. "तूच तं सांगतलं, खेकडा काहाडला. आता गोळी कायले?" साखरेच्या डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. मी देवाजीभाऊंची माफी मागितली. ते म्हणाले, "धुरा बांधला म्हून कोनी नहराचं पानी बंद करते का? माहंच चुकलं." आता दर तपासणीला ते बाकावर बसून हे सगळ्यांना सांगतात. माझ्यापेक्षा चांगले सांगतात. मी ऐकून लिहून घेते.

बाकी सर्व ठीक. मोठीआईला नमस्कार.

तुमची,
उर्वशी

ता. क. लहानपणी तुम्ही चावलेला पेरू लाल दिसे आणि माझा पांढरा. विचारले तर तुम्ही म्हणालात, तुझा कच्चा असेल. मी दोन वर्षे झाडावर लाल पेरू शोधला. देवाजीभाऊंच्या हातातला पेरू पहिल्या दिवशी तसाच लाल होता, हिरडीच्या रक्ताने. मोठेबाबा, आपल्या झाडाचे पेरू पांढरेच होते.

ता. क. सोमवारी दातांचे आणि साखरेचे, दोन्ही डॉक्टर असतात. तुमच्या साखरेचा कागद, गोळ्या आणि तो अंगठा, तिन्ही घेऊन या. वहीत तुमचे नाव लिहून ठेवले आहे. 'तक्रार' या रकान्यात मी 'सांगत नाहीत' असे लिहिले आहे. खोटे असेल तर स्वतः येऊन खोडा.