पडद्यावरची अंडी

इंदोरा, नागपूर
६ नोव्हेंबर २०२४

आदरणीय सुभद्राताई यांस,
कौसल्याचा सप्रेम जयभीम. इकडे सर्व ठीक. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवावं.

तुम्ही माझा फोन उचलून नाही राहिल्या, म्हणून हे पत्र तुमच्या भावाच्या हाती देऊन राहिली. तुमच्या गृहप्रवेशाले पाहुण्यांसाठी मी माझ्या गाद्या दिल्या. त्या तुम्ही ई-रिक्षात घालून परत धाडल्या. वर डबीत तुमच्या पडद्याचा कापलेला तुकडा, त्यावर अंडी, अन् निरोप काय, तर कौसल्याच्या गाद्यांतून ढेकूण आले! विहारात साऱ्या बायांपुढेही तेच बोलल्या. रोशनीच्या लग्नात मुलाकडच्यांचा जानोसा माझ्या घरी राहणार होता, तोही आता हॉलवर नेला. भाचीचे पाहुणे मामीच्या घरी उतरू नयेत, हे मनाले फार लागलं, ताई.

डबी मी फेकली नाही. झाकणाले भोकं पाडून खिडकीत ठेवली आहे. काय निघते ते पाहतेच.

रोशनीले अनेक आशीर्वाद. आमचा लोभ आहेच, तुमचाही आटू देऊ नये.
तुमची भावजय,
कौसल्या

बेसा, नागपूर
८ नोव्हेंबर

चि. सौ. कौसल्या हिले जयभीम व आशीर्वाद.

गुडघा बरा आहे. फोन उचलणार नाही म्हटलं म्हणजे नाही. संघपाल पोस्टमन झाला तर होऊ दे, त्याचं पोट तरी उतरन. गाद्या आल्यावरच अंडी दिसली, मग दुसरं काय समजू वं मी? मुलाच्या आईले एक ढेकूण चावला तर माझ्या रोशनीले जन्मभर ऐकावं लागन. मले भेव वाटते. ती डबी जाळून टाक.

रागावली तरी माया सोडू नको.
सुभद्रा

इंदोरा
१७ नोव्हेंबर

आदरणीय ताई, सप्रेम जयभीम.

अंडी फुटली! ढेकणाची अंडी शिवणीत, भेगेत लपून राहतात. तुमची तर उघड्या पडद्यावर, रांगेत चिकटवलेली, इवल्या पिंपासारखी, प्रत्येकाले गोल झाकण. मले तेव्हाच शंका आली होती. गोल गोल पिल्लं निघाली अन् टरफलांभोवती घोळका करून बसली. मी त्यांच्यात बोट घातलं. तुमचा भाऊ ओरडला, पण एकही चावलं नाही. वालाची शेंग ठेवली तर काही दिवसांनी तिलेच सोंड लावून बसली. काडीनं डिवचलं तर असा घाण वास सुटला का विचारू नका. माझ्या माहेरी, कुहीले, वालावर हेच हिरवे किडे राहत. तुमच्या बाल्कनीतल्या वालाच्या वेलाची पानं उलटी करून पाहा.

जिंकली मी, ताई! लोभ ठेवा, हट्ट सोडा.
कौसल्या

बेसा
२४ नोव्हेंबर

लाडक्या कौसल्या, जयभीम.

पानं उलटली. तशाच रांगा! वेल खिडकीच्या गजांतून आत शिरला, त्यालेच पडदा टेकलेला. मी आंधळी काहून झाली देव जाणे, असं तर आपण म्हणत नाही, चूक माझीच.

आज विहारात वंदना झाल्यावर उभी राहिली अन् साऱ्या बायांपुढे बोलली, "ढेकूण नव्हते. माझ्याच वेलावरचे किडे होते. मी कौसल्याले उगाच बदनाम केलं." तू नेमकी आली नव्हती, पण सुगंधाबाई तुले सांगतीलच, त्यांच्या पोटात राहते काय?

हॉलवाल्याले नाही म्हणून कळवलं. मग काटोलले मुलाच्या आईले फोन लावला अन् सांगितलं, तुमचा जानोसा आमच्या कौसल्याकडे. असं चोख घर तुमाले अख्ख्या काटोलात सापडणार नाही.

आता लोभ मागायची पाळी माझी.
तुझीच,
सुभद्राताई