टॉवेल-टोपीचा बदला

६ नोव्हेंबर, गुरुवार, दुपारी
आजपासून माझं दवाखान्यात जाणं बंद. कायमचा.
श्रीमंतचा सत्कार केला त्यांनी. टॉवेल, टोपी, नारळ. कशाबद्दल, तर श्वासाच्या व्यायामाला एकदाबी न चुकता आला म्हणून. मी तरी कुठं चुकलो? एकदा पाहुण्यात लगीन होतं. एकदा कंटाळा आला. बाकी गेलोच की. वर टाळ्या वाजवायला लावल्या मला. वाजवल्या, पण हळू.
ह्या श्रीमंतच्या मिरची कांडपानंच माझी छाती गेली. कळंबच्या मोंढा बाजारात माझ्या पिठाच्या गिरणीला चिकटून त्याचं कांडप. जन्मभर त्याचा खकाणा माझ्या नाकात. डॉक्टर म्हणतो, पिठाची धूळ आन् बिडी. आरं, बिडी तर मी त्या मिरचीचा वास जावा म्हणून ओढायचो. हे कुणी ऐकून घेत न्हाय.
व्यायाम घेणारी पौर्णिमा मॅडम. सत्कार झाल्यावर मला बाजूला घेऊन विचारती, अप्पा, मन लागतं का, झोप लागती का, कशात रस वाटंना असं होतं का. पुढच्या खोलीत मनाच्या ताई बसत्यात, त्यांच्याशी बोला म्हणे. म्हंजे त्याला टोपी आन् मला वेड्याचा डॉक्टर. म्या सांगितलं, बाई, बिघाड छातीत हाय, डोक्यात न्हाय.
ठरलं. जायचंच न्हाय. चार दिसांत घरी येतील मनवायला. आले की पाणीसुद्धा विचारायचं न्हाय.

१० नोव्हेंबर, सोमवार
गेलो न्हाय. फोन बंद करून ज्वारीच्या डब्यात टाकला. लागू दे घोर.
महादेवी म्हणली, दवाखान्यावर कोण रुसतं का, तिथं काय तुम्ही जावई हाव? बायको असून मला ओळखलं न्हाय तिनं. तिच्याच भावाच्या लग्नात मी रुसलो तवा अख्खी पंगत अडली होती. सासरा पाया पडला, भरजरी फेटा बांधला, मग उठलो. रुसायला जिगर लागती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
घरात बसून रुसलं तर दिसणार कुणाला? म्हणून दवाखान्यासमोरच्या हॉटेलात जाऊन बसलो, ऐन व्यायामाच्या टायमाला. वरच्या खिडकीत सगळे दिसत होते. श्रीमंत टोपी घालून पायरीवर चढ-उतर करत होता. व्यायामाला टोपी!
मॅडमनं मला बघितलं, हात केला. मी तिच्याकडं बघत वडा खाल्ला. तोंड पडलं असणार तिचं. लांबून नीट दिसलं न्हाय.

१७ नोव्हेंबर, सोमवार
परत हॉटेल. आज श्रीमंतनंबी हात केला. पाठ फिरवली. मॅडमनं अंगठा दाखवला. आता अंगठा दाखवून चिडवती का? मीबी हात झटकला, जा म्हणलं.
येताना दोनदा थांबावं लागलं. रस्ता पयल्यासारखा सपाट राहिला न्हाय. चढ केलाय कुणीतरी.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
हॉटेल सोडलं. चहात नुसतं पाणी असतं. घरच्या ओट्यावरून बी रुसता येतं, उलट जास्त मान राहतो.
महादेवी म्हणली, मॅडमनं शिकवल्यासारखं ओठाचा चंबू करून हळू फुंकर सोडा, दम कमी होईल. शत्रूची विद्या वापरत नसतो मी.

५ डिसेंबर, शुक्रवार
आजून कुणी आलं न्हाय. लाज वाटत असंल.
ओट्यावर ऊन येतं, म्हणून आता आत बसतो. आंघोळ एक दिसाआड. थंडीत रोज अंग धुणं ही श्रीमंती थेरं. सोमेश, माझा पोरगा, आता गिरणी तोच बघतो. म्हणला, दादा चला, गाडीवर सोडतो दवाखान्यात. पोरगंबी फितूर.
दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडलो. डाव आखत होतो. काय आखला ते आता ध्यानात न्हाय. जेवलो न्हाय. भूक न्हाय, एवढंच.

१५ डिसेंबर, सोमवार
सदऱ्याची बटनं लावली आन् टेकलो. आजकाल बटनं लई बारीक काढतेत.
श्रीमंतला मोठ्यानं शाप दिला. अर्ध्यात दम लागला. उरलेला मनात दिला.

१९ डिसेंबर, येळवस
येळ अमावस्या, सगळं गाव शिवारात जेवायला. घरचे बी गेले. महादेवी थांबते म्हणत होती, म्याच हाकललं. येळवसची शेंगा-पालेभाज्यांची भज्जी मला आवडतच न्हाय, जन्मभर खाल्ली ती लोकांचं मन राखायला. आन् बांधावरून कोण चालतंय.
गल्लीत कुत्रंबी न्हाय. राग धरावा असं एक माणूस न्हाय. बसून राहिलो. लई वंगाळ वाटलं. थंडी असंल.
दुपारी कडी वाजली. श्रीमंत! आलाच शेवटी मनवायला. पाणी विचारायचं न्हाय, ध्यानात होतं. पण दारापर्यंत जाईस्तोवर मलाच पाणी लागायची पाळी. उंबऱ्यावर बसलो.
त्यानं डबा ठेवला. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. डबा कशात बांधलेला? त्याच टॉवेलात. सत्काराच्या. माणसाला मिरची लावणं ह्याच्या रक्तातच हाय.
मी मान वळवून तयार होतो. आता माफी मागंल. तर हा म्हणतो, "अप्पा, खरं सांगा, औषध कुठलं घेतलं? मॅडम तुमचंच उदाहरण देती. कल्याणप्पा बघा, ठणठणीत झाले, समोर चालत येऊन वडे खातेत म्हणती. मी आजून पायरीच चढतोय."
सहा आठवडे. सहा आठवडे मी रुसलो होतो, आन् ह्यांना वाटलं मी बरा झालो.
लई बोलायचं होतं. बदला, टोपी, कांडप, सगळं. तोंड उघडलं तर छातीतनं नुसती शिट्टी वाजली. श्रीमंत शेजारी उंबऱ्यावर बसला, ओठाचा चंबू केला आन् हळू फुंकर सोडली. परत. परत. त्याच्या तोंडाकडं बघून रागारागानं मीबी फुंकलं. दोन म्हातारे, विझल्या चुलीपुढं बसल्यासारखे, फुंकतोय आपले.
थोड्या येळानं दम खाली बसला. त्यानं टॉवेलनं माझं तोंड पुसलं. करू दिलं. हात उचलत नव्हता म्हणून.
भज्जी सगळी खाल्ली. मन राखायला.

२२ डिसेंबर, सोमवार, संध्याकाळी
सोमेशच्या गाडीवर दवाखाना. मॅडमची चूक तिच्या तोंडावर सांगायला गेलो, बाकी काय न्हाय. तिनं बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला, चिमटा काढून परत लावला. मग म्हणली, अप्पा, मी घरी यायला पाहिजे होतं. हेच ऐकायला सहा आठवडे थांबलो होतो. ऐकून काय मजा आली न्हाय.
पयल्या दिवसाचे व्यायाम दिले. खुर्चीत बसून. श्रीमंत पायरीवर.
जाताना तिनं परत विचारलं, झोप लागती का, मन लागतं का. म्या म्हणलं, "न्हाय लागत." एवढंच. तर तिनं गुरुवारी मनाच्या ताईंकडं नंबर लावला. श्रीमंतच्या पाठीमागं. तो उन्हाळ्यापासनं जातोय तिकडं. बायको गेल्यापासनं. तिथंबी माझ्या पुढं.
टॉवेल मुद्दाम परत दिला न्हाय. एवढा तरी बदला. वाट बघत होतो मागंल म्हणून. शेवटी म्याच सांगितलं, टॉवेल माझ्याकडं हाय, देणार न्हाय.
म्हणला, ठेवा अप्पा. एकदाबी चुकलो न्हाय, ह्या महिन्यात मला दुसरा मिळतोय.