हळदीपर्यंत कंबरेएवढे केस

२ मे २०१७
पार्सल आलं. दोन फुटी केस आणि गोंदाची बाटली. डहाणूतल्या पार्लरवालीला बोलावणार नाही, संध्याकाळपर्यंत गावभर होईल. अकरा दिवसांवर लग्न. टायफॉइडनं माझे केस नेले, कानाखाली काही उरलं नाही. नविन बघायला आला तेव्हा पूर्ण कार्यक्रमात एकच वाक्य बोलला, केस छान आहेत म्हणून. ते वाक्य मी त्याला परत घेऊ देणार नाही.

४ मे
सूचना वाचल्या. सोपं आहे. पाच वर्षं पोस्टात पाकिटं चिकटवतेय, मला कोण शिकवणार? एवढंच लक्षात ठेवायचं, तेल लागलं की गोंद सुटतो.

६ मे
डावी बाजू झाली. तीन तास. एक बट माझ्या कानाला चिकटली, एक शितलच्या बोटाला. म्हणाली, ताई, जिजूंना सांगून टाक ना. धाकट्या बहिणींनी आरसा धरावा, सल्ले देऊ नयेत.
नविनला फोनवर सांगितलं, आज केस धुतले, वाळायला दोन तास लागले. तो हं म्हणाला. खूश वाटला.

७ मे
गोंद संपला. उजवी बाजू तशीच. नवी बाटली यायला आठ दिवस.
शेजारच्या वाडीत शुक्री चिकू उतरवत होती. कच्च्या चिकूंचा चीक वाटीत धरून आणला. पोस्टाच्या कामाला हवाय म्हटलं. ती म्हणाली, चीक तेलाशिवाय सुटत नाही, म्हणून आम्ही आधीच हातांना तेल चोपडतो. म्हणजे पक्का माल! आणि लोक ऑनलाइन गोंद मागवतात.

९ मे
उजवी बाजू बसली. डावीपेक्षा भक्कम. खाज सुटते, पण ती नवेपणाची. आईला विचारलं, कशी दिसते? म्हणाली, गरम नाही का होत? आईला फॅशन कळत नाही.

११ मे
उद्या हळद. आत्याला बजावलं, हळद फक्त गालाला, डोक्यावर तेलाचा थेंब नको. ती हो म्हणाली. प्रश्न मिटला.

१२ मे, दुपारी
आत्यानं शब्द पाळला. पण तलासरीहून नविनची आई उष्टी हळद घेऊन आली. सोबत तेलाची बाटली. मी नको म्हणेपर्यंत टाळूवर अर्धी ओतलीसुद्धा, वर प्रेमानं चोळलं. आधी डावी बाजू तिच्या हातात आली. मग उजवी. बायकांचं गाणं मध्येच थांबलं. तिनं दोन्ही झुपके ताटात नारळाशेजारी ठेवले, वर रुमाल झाकला आणि माझ्या गालांना हळद लावली.

१२ मे, संध्याकाळी
नविनचा फोन. त्याला बोलूच दिलं नाही. म्हटलं, मोडायचं तर मोड, केसांवरून नकार देणाऱ्याशी मलाच संसार करायचा नाही! दम लागेपर्यंत बोलले.
मग तो म्हणाला, केस गेल्याचं तुझ्या आईनं एप्रिलमध्येच सांगितलं होतं. मी विचारलं, मग गप्प का बसलास? तर म्हणे, तू केस धुतल्याचं इतक्या हौसेनं सांगायचीस, मला मोडता घालवेना.
रडले. खूप रडले.
त्याच्या आईलाही माहीत होतं. ते तेल माक्याचं. माझे केस लवकर यावेत म्हणून दोन दिवस खपून तिनं घरी कढवलं होतं.
अर्धी बाटली इथेच ठेवून गेलीय. आजपासून लावणार आहे. कुणी सांगितलं म्हणून नाही, माझं मी ठरवलंय.