बिननंबरी दगड

प्रिय एव्हान्थियाताई,

धाकट्या पांदेलिसचा सप्रेम नमस्कार आणि दोन्ही गालांवर एकेक मुका. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींची साखर आटोक्यात आहे ना? मेलबर्नला आता वसंत लागला असेल. इकडे ऑलिव्ह काळी पडू लागली आहेत आणि किनाऱ्यावरचे पाहुणे पांगले आहेत (उरलेले जर्मन आहेत, ते थंडीतही पोहतात, त्यांची काळजी करण्यात अर्थ नाही). आम्ही खुशाल आहोत. आर्यिरो खुशाल आहे, शेळ्या खुशाल आहेत आणि कोंबडा तर फारच खुशाल आहे. वास्तविक तो आज जिवंत असायलाच नको होता. त्याची हकिकत सांगायलाच बसलो आहे.

आमची फोटिनी नवऱ्याला घेऊन अथेन्स सोडून कायमची परत यायचं म्हणते आहे. जावयाला बंदरातल्या होड्यांच्या कारखान्यात काम मिळतंय, आणि मार्चमध्ये तिला मूल होणार आहे. टेकडीवरच्या पुरातन देवळाच्या खाली, आजोबांच्या शेतात दोन खोल्या बांधायच्या, खिडकीतून थेट भूशिरापर्यंत समुद्र दिसला पाहिजे, एवढीच तिची मागणी. ताई, बारा वर्षं ही पोरगी मला ईस्टरला आठ दिवस आणि ऑगस्टमध्ये पंधरा दिवस दिसते. मला इतका आनंद झाला की घराच्या पायाभरणीला कापायचा कोंबडा मी जुलैतच आणून ठेवला. पण आपली जमीन तुला ठाऊक आहे. कुदळ मारावी तिथे कोणीतरी अडीच हजार वर्षांपूर्वीचा आधीच राहून गेलेला असतो. शेजारच्या थ्रासोसच्या घराचा पाया खणताना एक जुनं गटार निघालं, तेव्हापासून अकरा वर्षं तिथे पुरातत्त्व खात्याचं तारेचं कुंपण आहे आणि आत त्याच्या शेळ्या वितात. म्हणून मी गावातला प्रत्येक जण करतो तेच केलं. खात्याचा माणूस बोलावण्याआधी आपणच जरा खणून पाहिलं.

खण्णकन आवाज आला. गुडघाभर उंचीचा संगमरवर, वर अर्धा पानांचा हार कोरलेला. आर्यिरोने तीनदा थुंकून दृष्ट काढली आणि म्हणाली, ‘बुजवून टाका मेल्याला.’ बायकोचं ऐकलं असतं तर हे पत्र निम्म्यात संपलं असतं. पण मी सव्वीस वर्षं देवळाच्या अवशेषांवर चौकीदार. मला अक्कल सुचली की हजार दगडांत एक दगड कोण ओळखणार? मग भर दुपारी, सगळं गाव दारं लावून झोपतं त्या वेळी (पाद्रीबाबांचं घोरणं रस्त्यावर ऐकू येत होतं), तो दगड हातगाडीवर घातला आणि टेकडी चढलो. चाक कुरकुरायला लागलं, त्यात सॅलडचं तेल ओतलं. कुलूप माझं, किल्ली माझी. उत्तरेच्या अंगाला दोन दगडांच्या मध्ये तो नीट बसवला आणि दोन पावलं मागे सरून पाहिलासुद्धा. छान दिसत होता. माझी नोकरी दगड नेणाऱ्यावर शिट्टी वाजवायची. दगड आणून ठेवणाऱ्यासाठी आमच्या नियमावलीत काहीच सोय नाही.

सोमवारी खात्याच्या दानाईबाई आल्या. दारातून चार पावलं चालल्या आणि थांबल्या. एक गोष्ट माझ्या डोक्यातून साफ गेली होती, ताई. देवळाच्या एकूण एक दगडावर बाईंनी स्वतःच्या हातांनी रंगाने नंबर घातला आहे, आणि रंगाचा डबा धरून मागे मीच उभा होतो. हा एकटा बिननंबरी. शिवाय त्याच्यावर एक गांडूळ. मी म्हणालो, पावसाने उघडा पडला असेल. आपल्याकडे मे महिन्यापासून थेंब नव्हता.

बाई मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हरखल्या. उत्तरेच्या अंगाला आणखी काही दडलेलं असणार म्हणून आठ दिवस उन्हात गुडघ्यांवर बसून खणत राहिल्या, आणि मी त्यांना पाणी आणून देत राहिलो. नवव्या दिवशी त्यांनी मला घरून पालक भरलेली, थराथरांची भाजलेली पोळी करून आणली. म्हणाल्या, ‘पांदेलिस, तुमच्या नशिबानेच हा दगड सापडला, खा.’ मी हातातला घास परत ठेवला. तिथेच सगळं सांगून टाकलं. हातगाडी, तेल, गांडूळ, सगळं.

बाई आधी हसल्या, मग हातातला ब्रश माझ्या अंगावर फेकला, मग म्हणाल्या, ‘चला, शेत दाखवा.’ शेतात दोन तास पालथ्या पडून पाहिलं. मग वर येऊन दगड उलटवला, तर त्याच्या पाठीवर तेल वाहायला खोदलेली पन्हळ. बाईंच्या मते आपल्या आजोबांनीच तो देवळातून खाली आणून घाण्याला लावला असावा. ‘इथे देऊळ नव्हतं हो, इथे तुमचे आजोबा होते,’ असं म्हणाल्या. तसं ठरलं तर शेत मोकळं आणि घर उभं. पण खात्याला पुरावा लागतो. दगडाचा एक कोपरा तुटला आहे आणि पन्हळ तिथे अर्ध्यावर संपते. तो तुकडा आपल्या घरच्या वापरातला निघाला तर बाई नाताळाच्या आत मंजुरी मिळवून देतील. नाही तर खात्याने शेत रीतसर खणून पाहायचं, आणि त्यात आमची पाळी चार वर्षांनी. तोपर्यंत बाळ शाळेत जाईल, अथेन्सच्या. आम्ही गावातली सगळी अंगणं पालथी घातली, तुकडा काही मिळाला नाही. कोंबडा माझ्याकडे एक डोळा बारीक करून बघतो.

असो. तुला उगाच काळजी नको, म्हणून इथेच थांबतो. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
पांदेलिस

ता. क. तू बोटीवर चढलीस त्या दिवशी आईने तुझ्या पेटीत ऑलिव्हच्या पिंपावर ठेवायचा दगड घातला होता (ऑस्ट्रेलियात धड दगड मिळतील की नाही, अशी तिला शंका होती). ऑलिव्ह अजून त्याच्याच खाली दाबतेस का? असशील तर तो उलटा करून बघ. खालून पन्हळ आहे का? काथ्याने घासू नकोस.

ता. क. २. पोस्टाने पाठवू नकोस, बाईंनी बजावलं आहे, फुटेल. हातातूनच आणावा लागेल. म्हणजे तुलाच यावं लागेल. एकतीस वर्षं झाली, ताई.

ता. क. ३. पन्हळ नसली तरी ये. पन्हळ असली तर मी देवळाच्या दारात शिट्टी तोंडात धरून उभा राहीन, पण तू तो दगड घेऊन चढ चढताना दिसलीस की माझ्याने ती वाजवली जाईल असं वाटत नाही.