ऐकू चांगलं येतं

ता. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. नमस्कार. तुझ्या गुडघ्याची चौकशी आधी करतो, नाहीतर पुढचं वाचणार नाहीस.

ही गेल्यापासून मला झोप नाही. बाइंडिंगच्या कामात मी सहसा चुकत नाही, पण परवा भूगोलाच्या सगळ्या पुस्तकांना पुठ्ठे उलटे लावले. छापखान्याचे मालक भला माणूस. त्यांनी लिहून दाखवलं, की मुलं जग उलटं धरून शिकतील, त्याचं काही नाही. पण झोप नसताना तुला कागद कापायच्या मशीनवर उभं करणार नाही. बोटं गेली तर बोलशील कशानं? खरं आहे. तसं बोलायलाही आता कोणी नाही. घरात खुणांनी बोलणारी ती एकटीच होती.

समुपदेशकाची चिठ्ठी आण, मग मशीनवर ये, असं मालकांचं म्हणणं. मी इस्पितळात जाऊन कागदावर लिहून विचारलं. खिडकीतल्या बाईंनी खाली लिहून दिलं, की वेळ फक्त फोनवर मिळते आणि फोन रुग्णानं स्वतः करायचा. मी कानाकडे बोट दाखवलं. त्यांनी फोन नंबर ठळक अक्षरांत लिहून दिला.

आता तूच बघ. माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
धाकटा

ता. १० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. गुडघा दुखतो. झालं समाधान?

तुला येत्या मंगळवारची वेळ मिळाली आहे. कशी, ते वाच. मी फोन लावून बहीण बोलतेय म्हटलं, तर खिडकीतली बाई म्हणे, रुग्णाकडे द्या. तो बहिरा आहे म्हटलं, तर म्हणे असू दे, नियम आहे. मी फोन ठेवला, गरम पाणी प्यायले, घसा खाकरला आणि तू होऊन पुन्हा फोन लावला. पोरांना दटावायचा माझा शाळेतला आवाज तुला माहीत नाही, पण सगळा वर्ग त्याला टरकून असे. बाई मला साहेब म्हणाली. तुझ्या दाजींनी हसता हसता चहा सांडला, तोही धुतलेल्या चादरीवर.

तिथे खुणांचा दुभाषी असतो म्हणे. तरी तुझ्या मेहुण्याला बरोबर ने. बहिणीबरोबर वाढल्यानं त्याला खुणा चांगल्या येतात. मन मोकळं करून ये, आणि वेळेवर जेव.
तुझी,
ताई

ता. १८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. नमस्कार. काल जाऊन आलो. दुभाषी मिळाला नाही. खिडकीतल्या बाई मेहुण्याला म्हणाल्या, हे साहेब फोनवर माझ्याशी खणखणीत बोलले, यांना ऐकू चांगलं येतं, दुभाषी कशाला? मी सोंग करतोय असं त्यांना वाटलं. ही तुझ्या आवाजाची करामत.

समुपदेशक बाई मायाळू आहेत. त्यांनी मला डोळे मिटून, दीर्घ श्वास घेऊन त्यांचा आवाज ऐकत राहायला सांगितलं. मेहुण्यानं ते मला खुणांनी सांगितलं. मी डोळे मिटले. पुढे काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. सांगितल्याशिवाय उघडावेत की नाही, याच विचारात बसून राहिलो. शेवटी राहवेना म्हणून एक डोळा उघडला, तर मेहुणा हुंदके देत होता आणि बाई त्याला पाणी पाजत होत्या. पुढच्या मंगळवारची वेळ त्यालाच मिळाली आहे. घरी आल्यावर पोटभर जेवला. बरं झालं, त्याचीही बहीणच गेली आहे.

पण माझं राहूनच गेलं. ताई, मला जे बोलायचं आहे ते हिच्याबद्दल आहे आणि चांगलं नाही. मी बोललो की ते त्याच्या तोंडून बाहेर पडणार. सख्ख्या बहिणीबद्दल ते शब्द त्याच्या तोंडी कसे घालू? म्हणून मी बरा आहे एवढंच सांगून उठलो. झोप अजून नाही.
तुझा,
धाकटा

ता. २१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. आज माझ्याच आवाजात फोन करून खिडकीतल्या बाईला सगळं कबूल केलं. आधी ती चिडली, मग मी चिडले. मग तीच म्हणाली, की वरच्या मजल्यावर गुरुवारी एक समुपदेशक बसतात, त्या स्वतः बहिऱ्या आहेत, खुणांनीच बोलतात. पण त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही. का फिरकत नाही, विचारलं. म्हणाली, कोणाचे फोनच येत नाहीत. एवढं बोलल्यावर तिचं तिलाच उमगलं. येत्या गुरुवारसाठी तुझं नाव तिनं तुझ्या फोनशिवायच लिहून घेतलं आहे.

एकटाच जा. आल्याबरोबर सविस्तर लिही. तू काय बोललास, त्या काय म्हणाल्या, सगळं. इथे माझी झोप उडाली आहे.
तुझी,
ताई

ता. २७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. नमस्कार. जाऊन आलो. खोली लहान आहे. मध्ये टेबल नाही, आणि दोघांच्याही हातांवर उजेड पडेल अशा खुर्च्या आहेत. आधी माझे हात आखडलेले होते. मग डोळे मिटायला लावल्याची हकिकत सांगितली. त्या इतक्या हसल्या, की हात पोटावर धरावे लागले आणि त्यामुळे पुढचं बोलणं थांबलं. मीही हसलो. त्यानंतर मात्र बोलत राहिलो. त्यांची नजर एकदाही हटली नाही. दुपारी घरी येऊन पडलो, तो संध्याकाळी जाग आली.

मशीनसाठी चिठ्ठी इतक्यात देणार नाही म्हणाल्या. चालेल. मला तसंही पुढच्या गुरुवारी जायचंच आहे.

मी काय बोललो ते लिहायला सांगितलं आहेस. ते लिहिणार नाही. रागावू नकोस. लहानपणी माझं पोट दुखलं तरी डॉक्टरांशी तू बोलायचीस, आणि मला नक्की काय झालंय ते घरात सर्वांत शेवटी मला कळायचं. या वेळी ते मला आणि त्या बाईंना ठाऊक आहे. तेवढं पुरे.

लोभ आहेच. चौकशी थोडी कमी व्हावी, ही विनंती.
तुझा,
धाकटा