शरणीचे उलटे आकडे

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

दुधनी, १७ जून १९७४

चि. सौ. गिरिजा हिस अण्णाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

शरणीला काल गाडीत बसवून दिलं, पोचली असेल. सातवीपर्यंत हितं कानडी शाळेत पोरीनं पहिला नंबर सोडला न्हाय, आणि तुझ्या सोलापुरात मराठी हायस्कुलात गेली तर आठवीला गणितात अकरा गुण! वर ढकलली म्हणून नववीत बसली. मी तिला मठ्ठ म्हणालो, तर दोन दिवस धड जेवली न्हाय. तुझी वहिनी म्हणते, पोरीला परत आणा, स्थळं बघू. मी दिवाळीपर्यंत थांबतो. सहामाहीला गणित सुटलं न्हाय तर शाळा बंद, मग आत्याबाईंनी कितीबी रडून उपयोग न्हाय.

तुमच्या नव्या क्वार्टरचा पत्ता शरणीनंच कागदावर लिहून दिला, त्यावरच हे टाकतोय. दाजींना नमस्कार. उत्तर लवकर धाड, जिवाला घोर लागलाय.

तुझा अण्णा

रेल्वे क्वार्टर्स, सोलापूर
२९ जून १९७४

तीर्थस्वरूप अण्णा यांस गिरिजाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र आठवड्यापूर्वीच मिळालं, तेही ४७ नंबरच्या गंगम्मांनी आणून दिलं म्हणून. आम्ही राहतो ७४ मध्ये! ती सुट्टीला निघाली तेव्हा आम्ही इथं यायचे होतो, म्हणून मी शरणीला नंबर नुसता तोंडानं सांगितला होता, चौऱ्याहत्तर. आधी हसू आलं, मग चर्रर्र झालं. तिला समोर बसवून म्हटलं, लिही, अठ्ठावीस. तिनं ८२ लिहिले.

अहो, कानडीत एप्पत्तनाल्कु म्हणताना सत्तर आधी येतात आणि चार मागून. मराठीत चार आधी. पोर जसं ऐकते तसं लिहिते! वर्षभर गणिताचे सर उदाहरणं तोंडी सांगत होते, ही आकडे उलटे उतरवून घ्यायची आणि मग अगदी बरोबर सोडवायची. जुनी वही काढून मी स्वतः पडताळून बघितलं. हिला वाटायचं, आपलीच अक्कल कमी. विचारायची सोय नव्हती, वर्गातल्या मुली कानडी, कानडी म्हणून चिडवायच्या. हे ऐकून मला रडूच फुटलं.

सरांना भेटून आले. आता ते आकडे फळ्यावर लिहितात. घरी हे होटगीची ड्यूटी करून आले की मालगाडीच्या डब्यांचे नंबर मोठ्यानं सांगतात आणि शरणी लिहून घेते. काल विसात तीनच चुकले. दिवाळीआधी स्थळाचं नाव काढलंत तर मी दुधनीला येऊन भांडेन, सांगून ठेवते. आणि तो मठ्ठ शब्द तेवढा परत घ्या.

वहिनींना नमस्कार. रागावलात तरी पत्र धाडायचं विसरू नका.

तुमची गिरिजा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

दुधनी, ५ मे १९७५

चि. सौ. गिरिजा हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आज पोचलं आणि मी कपाळाला हात लावून बसलोय. सहामाहीला पोर काठावर पास झाली तेव्हाच मी शाळा बंदचा विषय सोडला, पण मनातली भीती काय जात नव्हती. गुरुवारी दाजींच्या हाताखालचा कोंडीबा स्टेशनात गाडीतूनच ओरडला, शरणी पास, गणितात त्रेसष्ट! मी धावत दुकानात आलो आणि खडूनं फळीवर लिहिलं, ३६. म्हटलं, पस्तीसला पास, त्यावर एक! लई झालं की! लगेच पेढे आणून अख्ख्या पेठेत वाटले. शेजारच्या विरुपाक्षानं छत्तीस बघून तोंड वाकडं केलं, तर त्याच्या हातात आणखी एक ठेवला.

आज तुझ्या पत्रात शरणीच्या हातचं वाचलं, गणित ६३, अक्षरी त्रेसष्ट. अगं, बावीस वर्षं मराठी गिऱ्हाईकांशी बोलतोय मी, तरी आनंदात कानडी डोकं पुढं धावलं. आणि तेवढ्याशा पोरीला मी मठ्ठ म्हणालो! डोळ्यांचं पाणी खळेना. तुझी वहिनी हसत हसत फळी पुसायला गेली, तर मी पुसू दिली न्हाय. शरणी सुट्टीला आली की तिच्या हातानं नीट करू दे.

दहावीला सोडायला जूनमध्ये मीच येतो. क्वार्टरचा नंबर पाठ केलाय, आधी सात, मग चार. तिला सांग, तो शब्द मी परत घेतला, आता माझ्याकडंच ठेवतो. तुम्हा तिघांची माया हितं पोचते, ती अशीच पोचू दे.

तुझा मठ्ठ अण्णा